पेढे वाटले, पुढे काय?



दर वर्षी आपल्या वस्त्यांमधून निकालाचे वारे सुटते. आधी दहावी-बारावीचे निकाल, मग कॉलेजचे. चौकात अभिनंदनाचे बोर्ड लागतात, विहारात बुद्धमूर्तीपुढे पेढ्यांचे पुडे दिसू लागतात आणि एखाद्या रविवारी कोणाच्या तरी दारात मांडव पडतो. लग्नसराई तर संपलेली असते. मग मांडव कशाचा, म्हणून नवखा माणूस विचारतो. ‘अमक्याची पोरगी ग्रॅज्युएट झाली’ असे सांगताना सांगणाऱ्याची मान ताठ होते, मग ती पोरगी त्याच्या नात्यातली असो वा नसो.

अशा कार्यक्रमांना नाके मुरडणारेही आहेत. परीक्षा तर पास झाली, त्यात एवढे काय, आजकाल घरोघर पदवीधर आहेत, असे ते म्हणतात. ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांपासून भिंतीवर पदवीदानाचे फोटो आहेत त्यांनी खुशाल म्हणावे. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी तिथवर पोचले, त्या घराने मांडव घातला तर मला तरी तो उधळेपणा वाटत नाही. मात्र मांडव उतरल्यावर काय, याचा विचार आपण करतो का, हे विचारावेसे वाटते. तेही परवा एका कार्यक्रमाला जाऊन आले म्हणून.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे मुकुंदवाडीत आमच्या महिला मंडळातली एक मैत्रीण राहते. चार घरची धुणी-भांडी करते. नवरा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार, माल चढवणे-उतरवणे करतो. कंत्राटी म्हणजे काय हे वाचकांना सांगायला नको. ठेकेदार बदलला की नोकरीची तारीख पुन्हा पहिल्यापासून. थोरली मुलगी यंदा बी.एस्सी. झाली, रसायनशास्त्र घेऊन, पहिल्या वर्गात. दोन्हीकडच्या नात्यात विज्ञानाची पदवी घेणारी ती पहिलीच.

कार्यक्रम करावा असे बापाच्या मनात नव्हते. ‘पोरगी शिकली, चांगलं झालं, आता गाजावाजा कशाला? चार पैसे हायत ते घरात राहू द्या,’ असे त्याचे म्हणणे. वस्तीतल्या बायका काही ऐकेनात. विहाराची भांडी फुकट मिळणार, सतरंज्या फुकट मिळणार, पुऱ्या आम्ही लाटू, तुम्ही फक्त किराणा आणा, असे म्हणून त्यांनी त्याला गप्प बसवले.

हे ऐकताना मला रामजीबाबांची आठवण झाली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतःच ती हकीकत सांगितली आहे. ते इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा समाजातल्या लोकांना त्यांच्या कौतुकाची सभा घ्यायची होती. बाकीच्यांच्या मानाने ही परीक्षा काही मोठी नव्हे, पण आपल्या समाजातला पोरगा तिथवर पोचला होता. वडिलांनी साफ नकार दिला. कौतुकाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, अशी त्यांना काळजी. लोक हिरमुसले आणि वडिलांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेले. दादा केळुसकरांनी रामजीबाबांची समजूत घातली, सभा झाली, अध्यक्ष तेच होते. सभा संपल्यावर त्यांनी त्या पोराच्या हातात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले. तुमच्या-आमच्या घरात आज जी बुद्धमूर्ती आहे, तिची वाट त्या सभेतल्या एका भेटीपासून सुरू होते, असे म्हटले तर चूक होणार नाही.

ही गोष्ट आपण पुष्कळ वेळा ऐकली आहे. पण तिचा पुढचा भाग सांगणारे थोडे. केळुसकर गुरुजी पुस्तक देऊन घरी जाऊन बसले नाहीत. पुढे या विद्यार्थ्याच्या कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनीच खटपट केली आणि सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. ती मिळाली म्हणून एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. पुरे झाले. ज्याने सभेत कौतुक केले, तोच फीसाठी चार दारे फिरला. आपल्या आजच्या सत्कारांना मी याच मापाने मोजते.

आता कार्यक्रमाकडे वळते. घरापुढच्या गल्लीतच मांडव. टेबलावर पांढरे कापड, तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती, अगरबत्ती, फुले आणि फोटोच्या पायाशी मुलीच्या शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका, काच लावून. बोर्डही होता. बोर्डावर वॉर्डातल्या तीन पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, आणि जिचे अभिनंदन तिचा फोटो खाली कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढा. त्या तिघांपैकी रसायनशास्त्राचा पेपर कोणी दिला होता कोण जाणे! पोरे म्हणाली, बोर्डाचे पैसे त्यांनी दिले. असो.

बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिले. पहिल्या रांगेत उपासिका पांढऱ्या साड्या नेसून बसल्या होत्या, त्यांत मुलीची आजी, बापाची आई. वंदना झाल्यावर मुलगी उठून तिच्या पाया पडायला गेली तर म्हातारी म्हणाली, ‘पाया मागून पड. आदुगर त्यो कागद आन.’

काच लावलेली गुणपत्रिका आणून मांडीवर ठेवली. आजीला अक्षर येत नाही, आणि गुणपत्रिका तर इंग्रजीत. तिने विचारले, ‘बाबाचं नाव कुठं हाय?’ मुलीने तिचे बोट धरून सगळ्यात वरच्या ओळीवर ठेवले. ‘आन तुझं?’ खाली दुसऱ्या ओळीवर ठेवले. आजीने ते बोट वरून खाली, खालून वर दोन-तीनदा फिरवले आणि काच पदराने पुसून परत दिली. बोलली काहीच नाही. मांडवात ज्यांची वये पन्नाशीच्या पुढे होती त्यांना बोलायची गरजही वाटली नाही. पोरे मात्र एकमेकांकडे बघत होती, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने केला. ज्या माणसाने पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून १९५० साली याच शहरात मराठवाड्यातल्या पोरांसाठी कॉलेज सुरू केले, त्याचे नाव द्यायचे होते. ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत आपली घरे पेटली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले, जनार्दन मवाडेही मारले गेले. पुढे १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भरले. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, म्हणजे ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी.

ही आजी त्या आगीतली. नांदेड जिल्ह्यातले तिचे गाव. घर जळाले तेव्हा मुलीचा बाप तिच्या पोटात होता. अंगावरच्या लुगड्यानिशी नवरा-बायको निघाली ती परत गावी राहायला गेलीच नाहीत. औरंगाबादला येऊन बांधकामावर माती वाहिली. पोटातले लेकरू इथे जन्मले, नववीपर्यंत शिकले आणि कामाला लागले. ज्या नावासाठी घर गेले ते नाव असलेला कागद घरात यायला आणखी एक पिढी जावी लागली.

दर वर्षी १४ जानेवारीला आजी विद्यापीठाच्या गेटला जाते. तिथे आपली जत्राच असते, पुस्तकांची दुकाने, गाणी, निळे झेंडे. गेटला हात लावायचा, फूल वाहायचे आणि परत यायचे. जेवताना तिने नातीला विचारले, ‘त्या गेटाच्या आत काय असतंय गं?’ नात म्हणाली, ‘मीबी आत शिकायला गेले नाही अजून, आजी. माझं कॉलेज बाहेर. आता एम.एस्सी.ला नंबर लागला तर आतच जाणार.’

इथपर्यंत सगळे आनंदाचे होते. मग सत्कार आणि भाषणे सुरू झाली.

मुलीचे मोठे चुलते बोलायला उभे राहिले. त्यांच्याबद्दल आधी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल. नोकरीने स्थिर, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये. या मुलीच्या बारावीच्या क्लासचे पैसे त्यांनी भरले. ती दुसऱ्या वर्षाला असताना शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही आणि कॉलेजने आधी फी भरा मग हॉल तिकीट घ्या असे सांगितले. तेव्हा आईने कानातली फुले गहाण ठेवली आणि कमी पडले ते यांनी घातले. त्या पैशाचा हिशेब त्यांनी कधी मागितला नाही. त्यामुळे माईक हातात घेऊन चार गोष्टी सांगायचा हक्क त्यांना नक्कीच होता.

पण त्यांनी सांगितले ते असे. ‘आमच्या पोरीनं घराण्याचं नाव काढलं. आता आमची जबाबदारी राह्यली. दोनाचे चार हात झाले म्हंजी आम्ही मोकळे. जालन्याचे पाव्हणे आज मुद्दाम आलेत. मुलगा सरकारी नोकरीत हाय. आजच्या चांगल्या दिवशी गोड बातमी व्हावी, असं मला वाटतं.’

टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांनी नमस्कार केला. मी मुलीकडे पाहिले. तिच्या गळ्यात हार, हातात पेन आणि चेहऱ्यावर काहीच नाही. तिला यातले काही ठाऊक नव्हते. तिने आईकडे पाहिले, आईने नवऱ्याकडे, आणि नवऱ्याने मांडवाच्या खांबाकडे. ज्या भावाने पैसे दिले त्याच्यासमोर काय बोलणार?

एरवी इथे प्रश्न मिटला असता. ‘बघू, करू’ म्हणून जेवणे झाली असती, आणि महिनाभरात सुपारी. आपल्या किती पोरींची पदवी अशी लग्नाच्या बायोडाटावर एक ओळ होऊन राहिली आहे! ‘मुलगी बी.एस्सी.’ एवढे लिहिण्यापुरती. पुढे ती पत्रिका कपाटातल्या साड्यांखाली जाते आणि बाई भिशीचे हिशेब लिहिण्यासाठी तेवढी पेन हातात घेते.

पण मुलीची आई उठली. मंडळात आम्ही तिला वीस वर्षे पाहतो, सभेत तिने कधी तोंड उघडलेले नाही. तिने दिरांच्या हातून माईक घेतला नाही, माईक नको म्हणाली. होती तिथूनच बोलली.

‘भाऊजींचे उपकार हायत, त्ये मी मेल्यावरबी फिटायचे न्हाईत. पाव्हणे आलेत, पोटभर जेवून जावा. पण पोरगी आनखी दोन वर्सं शिकणार हाय. मंगळवारपर्यंत फॉर्म भरायचाय. फॉर्म भरायचा का सुपारी फोडायची, हे आज तुमी समद्यांनी इथंच सांगा. फॉर्म भरा म्हणत असाल तर ह्या टाळ्या ऱ्हाऊ द्या. पैसे किती कमी पडत्यात त्ये बगा.’

आणि खाली बसली. मांडवात इतकी शांतता झाली की मागे खिरीच्या पातेल्यात डाव फिरवलेला ऐकू येत होता.

चुलत्यांचा चेहरा पडला. त्यांचे म्हणणे मी नंतर बाजूला बसून ऐकून घेतले, कारण ते एकट्याचे नाही, आपल्या शंभरातल्या नव्वद घरांचे आहे. ते म्हणाले, ‘ताई, मी काय वैरी हाय का? तिचा बाप कंत्राटी. उद्या काम गेलं तर? आन एम.एस्सी. झालेल्या पोरीला नवरा कुठून आणायचा? आपल्यातली पोरं बारावीला गळतात, कोणी रिक्षा चालवतो, कोणी पुढाऱ्याच्या मागं फिरतो. पोरगी शिकत शिकत सत्तावीसची झाली की मग कोण इचारतंय?’

ही काळजी खोटी नाही. ज्या आई-बापांच्या घरी शिकलेली लेक आहे त्यांना ती ठाऊक आहे. वधू-वर मेळाव्यात बसून बघा, मुलींच्या बाजूला एम.ए., बी.एड., एम.एस्सी. आणि मुलांच्या बाजूला ‘बारावी, खाजगी नोकरी’. पण यावर उपाय पोरीला मधेच थांबवणे हा कसा? पोराची उंची कमी आहे म्हणून कोणी पोरीचे पाय कापीत नाही. पोरे बारावीला का गळतात, त्यांच्या हाती बोर्डाचे बांबू आणि मिरवणुकीचे काम कोण देते, हे त्या बोर्डावरच्या तीन हसऱ्या चेहऱ्यांना विचारले पाहिजे.

लग्नाच्या घाईबद्दल बाबासाहेबांचे मत काय होते तेही चुलत्यांना सांगितले. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेत बाबासाहेबांनी हजारो आयाबायांना बजावले होते की मुलांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याइतकी आर्थिक ताकद येईपर्यंत ती त्यांच्यावर लादू नका. ऐंशीहून अधिक वर्षे झाली या भाषणाला. त्यातली स्वच्छतेची आणि दुर्गुणांपासून दूर राहण्याची वाक्ये आपण मुलींना हमखास ऐकवतो. हे नेमके गाळतो.

आणखी एक. आपण पोरींना ‘रमाईसारखी हो’ असा आशीर्वाद देतो आणि ‘बाबासाहेबांसारखी शिक’ असाही देतो. दोन्ही एकदम. रमाईने पोटची लेकरे गमावून, गोवऱ्या थापून जो संसार धरून ठेवला त्याच्या जोरावर साहेब शिकले. मग आपल्या पोरीने साहेबांसारखे शिकायचे तर तिच्या मागे रमाई कोण होणार? त्या दिवशी मांडवात तरी मला दिसले ते असे की तिची आई झाली होती.

बाबासाहेब बी.ए. झाले आणि लगेच बडोद्याच्या नोकरीवर गेले, वडील २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. तरणीताठी बायको घरी. त्या वेळी कोणी जाणता म्हातारा म्हणाला असता, पदवी झाली, नोकरी आहे, आता संसार बघा, तर ते व्यवहाराला धरूनच झाले असते. त्याच वर्षी जुलैमध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. महाराजांची शिष्यवृत्ती होती म्हणून.

तर पुन्हा पैशावर येते.

आईच्या बोलण्यानंतर सत्काराला वेगळाच रंग चढला. आधी ज्या भेटी आल्या होत्या त्या सांगते: एक मनगटी घड्याळ, दोन साड्या, बाबासाहेबांचे तीन फोटो, आणि स्टीलचा डबा-पातेल्यांचा संच. संच देणाऱ्या आत्याबाई म्हणाल्या, ‘संसाराला होईल.’ हेतू वाईट नव्हता, पण पदवीच्या सत्काराला पातेली! मुलाच्या सत्काराला कोणी पातेली दिल्याचे मी ऐकलेले नाही.

नंतरच्या भेटी अशा. विहाराच्या पोरांनी आपसात बोलून ग्रंथालयाची वर्षाची वर्गणी भरायचे कबूल केले. एक रिटायर्ड कंडक्टर म्हणाले, मुकुंदवाडीहून विद्यापीठ म्हणजे शहराचे दुसरे टोक, बसच्या पासाचे सहा महिन्यांचे पैसे माझे. भिशीच्या बायकांनी तिथल्या तिथे ठरवले की या महिन्याची भिशी चिठ्ठी न काढता हिच्या आईला द्यायची. वस्तीतल्या एका मास्तरांनी पैसे दिले नाहीत, पण फॉर्मचे सगळे कागद सोमवारी रात्री बसून तपासून देतो म्हणाले. माझ्या मते ही भेट सर्वांत मोलाची होती.

कारण आपल्या मुलांची वर्षे वाया जातात ती कागदांपायी. वाचकांना माहीत असावे म्हणून लिहिते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना पदवीनंतरच्या शिक्षणालाही मिळते, पदवीबरोबर ती संपत नाही. अर्ज महाडीबीटी या पोर्टलवर दर वर्षी करावा लागतो, आधीच्या वर्षी केला होता म्हणून चालत नाही. जातीचा दाखला आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. बँकेचे खाते आधारला जोडलेले नसेल तर मंजूर झालेले पैसेही येत नाहीत, आणि घरचे लोक कॉलेजला दोष देत बसतात. जी मुले परगावी शिकतात आणि ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. आणि मुलगी अर्ज भरते तेव्हा मोबाइलवर कोणाचा नंबर दिला आहे तेही पाहून ठेवा. बापाचा फोन बंद पडला, मेसेज गेला, अर्जातली त्रुटी कळली नाही, असे झालेले मी दोन घरांत पाहिले आहे.

जेवणे चांगली झाली. पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात आणि खीर. जालन्याचे पाहुणे जेवून, पाकीट देऊन गेले. मुलाची आई जाताना मुलीच्या आईशी दारात बराच वेळ बोलत उभी होती. काय बोलल्या ते मी विचारले नाही.

संध्याकाळी मांडव उतरला तेव्हा बाप, आई, मुलगी आणि मी पाकिटे उघडून बसलो. बहुतेक शंभराची, दोनशेची. एकात वीस रुपयांची नोट आणि चिठ्ठी होती, ‘ताई खूप शिक’, शेजारच्या पाचवीतल्या मुलाची. सगळे मिळून नऊ हजार आठशे सत्तर रुपये झाले. किराण्याला त्याहून थोडे जास्त गेले होते. बाप म्हणाला, ‘मी आधीच म्हणलं होतं.’ आई म्हणाली, ‘किराणा गेला तो गेला, हे पैसे फॉर्मचे.’ आणि तिने ते डब्यात घालून ठेवले. डबा आत्याबाईंच्या संचातलाच होता.

कागद जुळवताना एक अडचण निघाली. उत्पन्नाचा दाखला जुना झाला होता, आणि बापाला सोमवारी सुट्टी मागितली तर खाडा पडणार होता. मी सोमवारी सकाळीच परत निघाले, त्यामुळे पुढचे फोनवर कळले. चुलते रविवारी न जेवताच गेले होते. सोमवारी सकाळी नऊ वाजता तेच मोटारसायकल घेऊन दारात उभे राहिले. घरात आले नाहीत, पाणी घेतले नाही. पुतणीला म्हणाले, ‘चल, तहसीलला. कागद घे समदे.’ रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत. अर्ज देऊन परत आणून सोडले आणि ड्यूटीवर गेले.

फॉर्म मंगळवारी दुपारी भरला. प्रवेशाची यादी लागायची आहे. चुलत्यांनी अजून त्या घरी जेवण घेतलेले नाही.